दालचिनीच्या गोगलगाई

आमच्या अंगणवाडीतली पोरं सकाळी आली की आधी मदतनीस बाईंचे हात हुंगायची. हाताला दालचिनीचा वास आला, तर त्या दिवशी खाऊला गोगलगाई मिळणार. नसला, तर तोंडं पडायची. मोठी माणसं त्यांना बाई म्हणत, पोरं दालचिनी आजी. मी गावातला निवृत्त मास्तर, तेव्हा अंगणवाडीच्या समितीचा अध्यक्ष. बाईंच्या गोगलगाई माझ्या सहीने बंद झाल्या. त्या सहीबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळायचाही शीण येतो.

गोगलगाय म्हणजे कणीक, गूळ, तूप मळून लाटायचं, वर दालचिनीची पूड भुरभुरायची, गुंडाळी करून चकत्या कापायच्या आणि भाजायच्या. भट्टी कुठली असणार? जर्मनच्या जुन्या पातेल्यात नदीची रेती तापवायची, त्यावर ताटली, झाकणावर निखारे. पहिला घाणा हटकून खालून करपायचा. तो बाई स्वतः खायच्या. "करपलेलं मोठ्यांनी खायाचं," म्हणायच्या.

शिस्त एकच. "तोंडात घास असताना बोलायचं नाय रं!" वीस पोरं गुपचूप चावत बसायची. मी एकदा म्हटलं, "बाई, एवढी शांतता माझ्या वर्गात छडीनेसुद्धा झाली नाही."

"तुमी छडीला दालचिनी नाय लावली, गुरुजी."

माझ्यापुढेही त्या दर वेळी ताटली धरायच्या. "मला गोड चालत नाही," मी म्हणायचो. घरी मात्र दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायचो. बाई बौद्धवाडीतल्या. त्यांच्या हातचं पोरांनी खाल्लेलं गावातल्या काही घरांना खुपायचं. त्या घरांना मी समज द्यायचो, पंधरा ऑगस्टला समतेवर भाषण ठोकायचो. ताटली पुढे आली की हात मागे जायचा तो माझाच.

एकदा त्याच अंगणवाडीत जाणाऱ्या माझ्या नातवाला उलट्या-जुलाब झाले. नेरळला दवाखान्यात ठेवावा लागला. समितीच्या बैठकीत त्याच घरांनी आवाज चढवला, "बाईचा खाऊ बाधला!" मला खरं ठाऊक होतं. पोशीरला भाच्याची हळद झाली होती. तिथून डब्यात आलेलं मटण दुसऱ्या दिवशी मीच गरम केलं, कशाला टाकायचं म्हणून, आणि नातवाला भरवलं. सून नको म्हणत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजींचाच नातू, गुरुजी सांगतील ते खरं. मी काही सांगितलं नाही. 'मदतनीस बाईंनी आणलेल्या खाऊने मुलास बाधा झाली, यापुढे आणू नये' या ठरावाखाली सही केली.

बाईंनी एवढंच विचारलं, "पोरगा बरा हाय ना?"

मग पातेल्यातली रेती कुंपणापाशी ओतली आणि पातेलं कमरेवर घेऊन त्या घरी गेल्या. पोरं पुढे कित्येक दिवस त्यांचे हात हुंगत राहिली. हाताला फिनेलचा वास यायचा. गावात अजूनही एखादी आजी म्हणते, "ती गं, पोरगं आजारी पाडलं ती बाई."

पुढे बाई मुलाकडे शेलूला नव्या इमारतीत राहायला गेल्या. दोन वर्षांपूर्वी मी धीर करून तिथे गेलो. ओट्यावर विजेची भट्टी होती. "यात करपत नाय," बाई म्हणाल्या, "मंग मी खाऊ काय?" मी सुरुवात केली, "बाई, तो ठराव..." तोच त्यांनी ताटली पुढे धरली. मी पहिल्यांदाच गोगलगाय उचलली. गरम होती. खाता खाता पुन्हा बोलायला गेलो, तर हसून म्हणाल्या, "तोंडात घास असताना बोलायचं नाय, गुरुजी."

मी चावत राहिलो. दुसरी घेतली, मग तिसरी. इतक्यात शेजारची पोरं आत घुसली आणि बाईंचे हात हुंगू लागली. मी निघालो. सांगायचं होतं ते सांगितलं नाही. बाईंनी मला गप्प केलं असं मनाला समजावत आलो. तेही खरं नाही. गप्प बसायला मला निमित्तच हवं होतं.

मागच्या महिन्यात बाई गेल्या. सोमवारी समितीची बैठक आहे. नातवाला घेऊन जाणार आहे आणि त्याच्यासमोर हा कागद वाचणार आहे. बाधलं ते माझ्या घरचं होतं, मी माझ्या हाताने भरवलेलं. बाईंच्या खाऊने कुठल्याही पोराला कधी काही झालं नाही.

आता माझ्या तोंडात घास नाही.