हरवलेली चार मिनिटं

सासूबाई चष्मा शोधत घरभर फिरत होत्या. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. सांगून टाकावं की आणखी थोडी मजा बघावी, या विचारात सून दूध ढवळत होती. तेवढ्यात दार वाजलं.

दारात कारखान्यातला इंजिनिअर. हातात पिशवी, चेहरा नापास झाल्यासारखा.

"मावशी, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय."

"द्यायचाच तर आत येऊन द्या. दूध उतू जाईल इथे."

कारखान्यात सगळे सुनेला मावशीच म्हणत. विमानाच्या टपावरच्या अँटेनाच्या तारा ती जोडायची. विमानाची उंची, वेग, इंजिनाची तब्येत, सगळं उडता उडताच उपग्रहामार्फत जमिनीवर पोचवायचं, असा तो प्रयोग होता. तिचा नवरा मालवाहू विमानावर कामाला होता. ते विमान दर अर्ध्या तासाने ठावठिकाणा कळवायचं. अकरा वर्षांपूर्वी एकदा 'सगळं ठीक' असं कळवलं, आणि पुढचा निरोप आलाच नाही. समुद्रात ना विमान सापडलं, ना उड्डाणाचं सगळं टिपून ठेवणारी त्यातली नोंदपेटी. त्या अर्ध्या तासात तो काय करत असेल, हे तिने मनात हजारदा रचलं होतं. कधी तो डुलकी काढत असायचा, कधी डबा उघडत असायचा. त्यापुढचं तिला रचता यायचं नाही. पाच वर्षांनी या कारखान्याची जाहिरात दिसली, आणि कुणाला न विचारता ती तिथे लागली.

"कालच्या चाचणीत चार मिनिटं माहिती आलीच नाही." इंजिनिअरने पिशवीतून तारांची जुडी काढली. "साहेब म्हणतात, मावशींचा जोड ढिला."

"त्या साहेबाने कधी हातात पक्कड धरलीय का?" आतून सासूबाई कडाडल्या.

तिने जुडी खिडकीपाशी नेली. एकेक जोड ओढून पाहिला. "विमान तेव्हा काय करत होतं?"

"वळत होतं. चांगलंच कललं होतं."

"सरळ झाल्यावर?"

"माहिती आपोआप सुरू झाली."

"ढिला जोड असा आपणहून शहाणा होतो का हो? विमान कललं, तशी टपावरच्या अँटेनाने उपग्रहाकडे पाठ फिरवली."

"मलाही तेच वाटलं होतं, पण साहेबांपुढे तोंड उघडलं नाही." तो ओशाळला. "आता दोन्ही कुशींना एकेक अँटेना लावू. मध्ये राहिलेली माहिती विमानातल्या पेटीत साठवून मागाहून पाठवू."

"आणि विमान सरळ झालंच नाही तर?"

"सगळंच सतत पाठवता आलं असतं तर प्रश्नच नव्हता, मावशी. पण हजारो विमानं एकदम बोलायला लागली, तर आकाशातली वाट अपुरी पडेल. म्हणून काही बिनसतंय असं दिसलं, की महत्त्वाचं तेवढं ताबडतोब धाडायचं. कलायच्या आत."

"कलायच्या आत," ती पुटपुटली. जुडी तिने हातातून खाली ठेवली नाही.

"जोड पक्का आहे, असं उद्या लेखी देतो. साहेबांनाही सांगतो. तुम्हाला काही हवं असेल तर बोला."

चाचणीच्या खोलीत जोडकामाच्या बायकांना मज्जाव होता. सहा वर्षं ती तारा जोडून, खोक्यात भरून पाठवत आली होती. त्या तारांनी पुढे काय सांगितलं, ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

"पुढच्या चाचणीला मला पडद्यापुढे बसू द्या," ती म्हणाली. "विमान खाली उतरून थांबेपर्यंत."