वहिनींचा फळा

आमच्या गावच्या हवेइतकी नालायक हवा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. अर्थात मी दुसरीकडे फारसा गेलोही नाही. सात महिने बर्फ. तोही कॅलेंडरवरच्या चित्रातला पांढराशुभ्र नव्हे. दोन दिवसांत गाड्यांच्या धुराने काळा पडणारा, कुत्र्यांनी जागोजागी पिवळा केलेला. मग तो वितळतो आणि सात महिन्यांत कोणी काय काय फेकलं होतं ते सगळं वर येतं. एकेकटे हातमोजे, कांद्याची सालं, मेलेला पारवा. त्यानंतर महिनाभर चिखल. मी वाचनालयात कारकून होतो. त्या महिन्यात पुस्तकांना ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. चिखल वाळला की चिलटं. आणि या सगळ्यात कुठेतरी चिमटीत मावेल एवढा उन्हाळा. तेवढ्यात लोकांना टोमॅटो हवे असतात, काकड्या हव्या असतात, दारापुढे फुलंही हवी असतात.

रोपं घराबाहेर कधी लावायची, हे सगळं गाव एका फळ्यावर वाचायचं. तो फळा नगरपालिकेच्या रोपवाटिकेच्या फाटकावर होता आणि त्यावर एकतीस वर्षं आमच्या वहिनी लिहीत होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा बाविशीच्या, कुठल्याशा उबदार गावातून. इथलं पहिलं ऊन पडलं आणि त्यांनी परसात काकड्या लावल्या. आमच्या आईला सगळं कळत होतं, पण ती "ठेच लागली की शिकेल" या मताची. एका रात्रीत वेल शिजवलेल्या पाल्यासारखे लिबलिबीत झाले. वहिनी रडल्या नाहीत. वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या, बाही वर केली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसा कोपरापासूनचा हात मातीवर टेकवला. बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

"वरून गरम आहे, आत गार," म्हणाल्या. "हे ऊन खोटं आहे."

पुढे त्या रोपवाटिकेत कामाला लागल्या आणि ही त्यांची रीतच झाली. सकाळी वीतभर खोल खड्डा काढायचा, तळाशी हात टेकवायचा, शंभरपर्यंत मोजायचं. शंभराच्या आत हात गारठला तर फळ्यावर खडूने "अजून नाही". नाही गारठला तर "लावा". तिसरं काही त्या फळ्यावर कधी आलं नाही. कचेरीने मध्यंतरी एक थर्मामीटर पाठवला होता. तो बर्फात आणि चहात एकच आकडा दाखवायचा, म्हणून वहिनींनी त्याचा वेलाला आधार केला. माती आतून उबदार असली की एखादी गार रात्र रोपं काढतात, हे त्यांचं गणित, आणि ते एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. माणसं त्यांना रस्त्यात थांबवून विचारायची, आणि वहिनी फळ्याकडे बोट दाखवायच्या. दागिने नव्हते, मूल नव्हतं, भाऊ जाऊनही चार वर्षं झाली होती. त्यांचं म्हणून जे काही होतं ते त्या खडूच्या अक्षरांत होतं.

मी वरच्या मजल्यावर राहतो, जेवायला खाली त्यांच्याकडे. लग्न केलं नाही. मला माणसांचा फार लवकर वीट येतो.

गेल्या वर्षी त्यांना एकसष्टावं लागलं होतं. बर्फ वेळेवर गेला, चिखल वेळेवर आला, आणि मग एकाएकी आठवडाभर असं ऊन पडलं की लोक बनियनवर फिरायला लागले. रोज सकाळी फाटकाशी गर्दी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं सगळं गाव. सगळ्यांच्या पुढे बेकरीवाली. हिचा आवाज असा की कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत कळावं.

"अहो, अजून काय नाही? माझी मिरची खिडकीत उभी राहून वाकली! मातीला काय आमंत्रण द्यायचंय का?"

मला तिची शिसारी यायची. पण खरं सांगायचं तर माझंही तेच रडगाणं होतं. माझ्या खोलीत टोमॅटोची चोवीस रोपं होती. खिडकीत, टेबलावर, खुर्चीवर. उजेडासाठी लांबलेली, पिवळट, केसाळ देठांची. त्यांच्या खताचा आंबूस वास माझ्या उशीला यायला लागला होता. चहात चिलट पडायचं. ते काढलं की दुसरं. सकाळी चष्मा घ्यायला हात घातला तर ओल्या मातीत. मला ती रोपं खोलीतून जायला हवी होती, मग ती जगोत की मरोत.

त्या सकाळी मी वहिनींचा डबा द्यायला रोपवाटिकेत गेलो. ऊन होतं, पण वारा कानाला चावत होता. वहिनी खड्ड्याशी बसल्या होत्या. शंभर मोजून झाले तरी हात उचलेनात.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला उबदार लागतेय. पण परवा तर बर्फासारखी होती. दोन दिवसांत एवढी? तुम्ही जरा हात लावून बघता का? कोपरापर्यंत, हं."

माझ्या अंगात कोट, कोटात स्वेटर, स्वेटरात सदरा, सदऱ्याला मनगटाशी दोन बटणं. मी वाकलो आणि हातमोजा काढून एक बोट खड्ड्यात घातलं. नखात चिखल गेला. तो चिकट, काळा, त्यात कसलंतरी मूळ. मी बोट झटकन बाहेर काढलं आणि रुमालाला पुसत राहिलो. माती गरम होती की गार, ते मी बघितलंच नाही.

"गरम आहे," मी म्हणालो. "लिहा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग उठल्या आणि फळ्यावर लिहिलं: लावा. दुपारपर्यंत माझी खोली रिकामी झाली होती. मी खिडक्या उघडून झोपलो, कित्येक महिन्यांत आली नव्हती अशी झोप.

तिसऱ्या दिवशी पहाटे दव गोठलं. उठून बघतो तर सगळ्या गल्लीत एकही पान धड नाही. परसापरसात काळ्या चिंध्या लोंबत होत्या आणि ऊन वर आल्यावर त्यांना उकडलेल्या पाल्याचा वास सुटला. नाकाला रुमाल लावून मी रोपवाटिकेकडे गेलो, कारण तिथे काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं.

फाटकाशी पन्नासेक माणसं होती. एकतीस वर्षं ज्यांनी फुकट सल्ला घेतला तीच ही माणसं. एकानेही कधी "दमलात का" म्हणून विचारलं नव्हतं. आता सगळ्यांना कंठ फुटला होता. कोणी म्हणे बाईने कचेरीच्या सांगण्यावरून लिहिलं, म्हणजे पुन्हा रोपं खपतील. कोणी म्हणे म्हातारी झाली, घरी बसवा. बेकरीवालीने पावाच्या ट्रेमध्ये मेलेल्या मिरच्या ओळीने मांडून आणल्या होत्या.

"हे बघा! बघा! तुमच्या शब्दावर लावल्या मी!"

मला त्या सगळ्यांची किळस आली. घट्ट मिटलेल्या मुठी, थुंकी उडवणारी तोंडं. "शरम नाही वाटत?" मी ओरडलो. "एका बाईवर तुटून पडताय! अक्कल गहाण ठेवली होती का, स्वतः हात लावून बघायला काय झालं होतं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मी खरंच रागावलो होतो.

वहिनींनी फाटक उघडलं आणि बेकरीवालीचा हात धरून तिला वाफ्याशी नेलं. नवा खड्डा काढला.

"टेकवा इथे. कोपरापर्यंत."

बेकरीवालीने ट्रे खाली ठेवला, हात टेकवला आणि किंचाळली, "अगं बाई! गारढोण आहे!"

वहिनींनी शेजारी आपला हात टेकवला. शंभरपर्यंत मोजलं, पुटपुटत, शेवटपर्यंत.

"मला आत्ताही कोमट लागतेय," त्या म्हणाल्या.

बेकरीवालीने तो हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिचा चेहराच बदलला. "अहो, हा हात आहे की बर्फाची लादी? मातीच याच्यापेक्षा गरम असेल. कधीपासून असं आहे?"

"कोण जाणे," वहिनी म्हणाल्या. "कोणाच्या हातात हात द्यायची वेळच येत नाही."

मग त्या फाटकाशी आल्या. बाही खाली केली, बटण लावलं. "चूक माझी आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझा हात गार पडलाय आणि मला कळलं नाही. काचघरात राखून ठेवलेली रोपं आहेत, घरटी चार मिळतील. पण अजून लावू नका."

हे म्हणताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, दोष देऊन नव्हे. मी काही बोलतोय का म्हणून. मी मफलर सारखा केला. पन्नास माणसं होती, वारा होता. या जगात मला सगळ्यात जास्त तिटकारा कोणाचा आला असेल तर तो त्या मफलर सारखा करणाऱ्या माणसाचा.

वहिनींनी फळा पुसला आणि खडू बेकरीवालीच्या हातात दिला. ती आधी नको नको म्हणाली, मग तोंडाला फडकं लावून रडली, मग वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: अजून नाही.

संध्याकाळी मी खाली जेवायला बसलो. शेवटी राहवेना.

"वहिनी, त्या भांडकुदळ बाईला कशाला दिलंत? ती तुम्हाला भर गर्दीत वाट्टेल ते बोलली."

"तिचा हात पहाटेपासून भट्टीशी असतो," वहिनी म्हणाल्या. "तिला माती असेल त्याहून गारच लागणार. फार तर आठ दिवस उशीर होईल. उशिराने काही मरत नाही."

"पण घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला? मी होतो ना तिथे."

त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली.

"होतात ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."