ताशी वीस मैल

माझ्या मावशीच्या यजमानांना नगर जिल्ह्यात कुणीही, कधीही, पाठ टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. खुर्ची कितीही ऐसपैस असली तरी काका तिच्या काठावरची चार बोटं जागा वापरत आणि तीही घटकाभरच. बाकीची खुर्ची त्यांच्या लेखी वायाच जायची. ते मोजणी खात्यात होते. हातात साखळी घेऊन त्यांच्यामागे पळणाऱ्या शिपायांनी बदलीसाठी केलेले अर्ज म्हणे मामलेदार कचेरीत वेगळे बांधून ठेवलेले होते. पानात वरणभात पडायच्या आत ते ताकभात मागत. नाटकाला गेले तर तिसऱ्या अंकात नायकाचं काय व्हायचं ते दुसऱ्या अंकातच ठरवून घरी येत, आणि दुसऱ्या दिवशी कुणी खरा शेवट सांगितला तर "त्याला इतका वेळ कशाला लावला?" म्हणून नाटकवाल्यांवर चिडत. खुद्द स्वतःच्या लग्नात त्यांनी तिसऱ्या मंगलाष्टकालाच अंतरपाट खाली ओढून मावशीच्या गळ्यात हार घातला. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं म्हटली, पण तोवर काका मांडवाबाहेर जाऊन बैलगाडी जुंपली का ते बघून आले होते.

मनमाडला एका लग्नाला आम्ही निघालो होतो तेव्हाची गोष्ट. गाडीच्या आधी तीन तास काकांनी आम्हाला नगर स्टेशनावर नेऊन बसवलं. अर्ध्या तासात त्यांना ते बसणं असह्य झालं. "मी विळदपर्यंत पुढं होतो, तुम्ही गाडीनं या," असं म्हणून ते रुळांच्या कडेने चालू लागले. आमची गाडी विळदला थांबली तेव्हा फलाटावर काका नव्हते. तिथेही त्यांना वाट बघणं जमलेलं नव्हतं. विळद सोडून गाडी वांबोरीच्या दिशेने निघाली आणि एका ज्वारीच्या रानाजवळ मावशीला खिडकीतून काका दिसले. ते तरातरा चालले होते. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला आणि "येतोच" अशी खूण केली. मावशी हसली, आणि मग शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली.

मावशीचं दुःख तेवढं एकच होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं माहेर नेवाशाचं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर ती माहेरच्या दारात एकदाही पोचलेली नव्हती. पहिल्या दिवाळसणाला काका आदल्या दिवशीच सायकलवरून तिथे हजर झाले. पुढेही ते तिला सर्व्हिस मोटारीत बसवून देत आणि स्वतः आधी कसे तरी जाऊन पोचत. मावशी नेवाशाला उतरायची तेव्हा काका तिथला चहा पिऊन परतीच्या वाटेला लागलेले असत. "एकदा, फक्त एकदा ह्यांच्या शेजारी बसून जायचंय रे मला नेवाशाला," ती मला म्हणायची. मी तेव्हा नगरच्या एका शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि तिच्याकडेच राहत होतो. मी मान हलवायचो.

दुसरी मोठी लढाई संपली आणि काका पेन्शनीत निघाले. चालायला हुकमाची जमीन उरली नाही, तेव्हा घरातल्या घरात त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या आणि शेणाने सारवलेल्या पडवीत चक्क पायवाट पडली. अशात त्यांना पाथर्डीकडे एका बागायतदाराच्या गोठ्यात एक जुनी, उघड्या टपाची मोटार दिसली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. काकांनी कोंबड्या उठवल्या आणि बैलजोडी लावून मोटार नगरला आणली. "आता आपण दोघं मिळून नेवाशाला जायचं," त्यांनी मावशीला सांगितलं. हे सांगताना ते फाटकातून बाहेर चालले होते हा भाग वेगळा. मावशीने त्या दिवशी सांजा केला.

इंजिन अर्थातच मेलेलं होतं. ते जिवंत करायला काकांनी रंभाजी मिस्त्री गाठला. रंभाजीने पूर्वी भिंगारला लष्कराच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. आमच्या काकांना हाच माणूस मिळावा यात देवाचा काही तरी हेतू असणार, कारण रंभाजीइतका सावकाश माणूस मी पाहिलेला नाही. प्रश्न विचारला की तो आधी बिडी काढी, ती शिलगावी, दोन झुरके घेई आणि मग "काय म्हन्ला, सायेब?" असं विचारी. काका तेवढ्या वेळात अंगणाला चार फेऱ्या मारत. चार महिने हे असं चाललं. पुण्याहून सिलिंडर घासून आणले, पिस्टन बसवले. पिस्टनवर चढवायच्या रिंगा मिळता मिळेनात. लढाईने असले जिन्नस बाजारातून नाहीसे केले होते. शेवटी मुंबईच्या एका दुकानात एकच संच निघाला. तो हातात घेऊन रंभाजीने निक्षून सांगितलं, "सायेब, ह्यो मोडला तर म्होरं दुसरा न्हाई. मंग पुन्यांदा कोंबड्याच बसवा गाडीत."

इंजिन जोडून झालं आणि राहिलं ते फक्त ठिणगीचं टायमिंग. नेमक्या त्याच दिवशी रंभाजी गावच्या जत्रेला गेला आणि दोन दिवसांनी येतो म्हणाला. काका दोन दिवस थांबणार? त्यांनी त्याच्याकडून सगळी कृती वदवून घेतली होती. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबून ठेवायचा आणि हँडल हळूहळू फिरवायचं. पिस्टन दोनदा वर येतो. त्यातल्या एका खेपेला वारा कोंडतो आणि अंगठा उडवून लावतो. तीच खरी खेप, ठिणगी त्याच वेळी पडायला हवी. अंगठा धरायला काकांनी मावशीला स्वयंपाकघरातून बोलावलं. पीठ लागलेला हात पदराला पुसून तिने अंगठा दाबला. काकांनी हँडल फिरवायला सुरुवात केली.

"वारा आला नाही हं अजून," मावशी म्हणाली.

काकांनी तिचा अंगठा बाजूला केला, भोकात सायकलची तार घातली आणि पाहिलं. "पिस्टन वर आलाय. वारा कशाला हवाय आता?"

"अहो, पण ते मिस्त्री म्हणाले होते ना, की वारा..."

"पिस्टन वर म्हणजे वर!"

झालं. सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांच्या चिमटीत धरून, तो सुटायचा क्षण बघून काकांनी टायमिंग पक्कं केलं. त्यातली त्यांची सफाई बघण्यासारखी होती. मग बाह्या सरसावून हँडल मारलं. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की समोरच्या आळीतली म्हैस दावं तोडून पळाली आणि काकांची डावी मिशी अर्धी जळाली. तरी त्यांनी आणखी अकरा वेळा हँडल मारलं. अकराही वेळा बार झाला. उरलेली मिशी त्यांना संध्याकाळी न्हाव्याकडून काढून घ्यावी लागली.

रंभाजी आला. त्याने बिडी पेटवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "आंगटा कुनी धरला हुता?"

"मी," मावशी म्हणाली.

"वारा आलता का?"

"नव्हता आला. मी सांगितलं होतं."

रंभाजीने काकांच्या मोकळ्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं. "मंग बाईंचं ऐकायचं हुतं की, सायेब. समदं उलटं बसलंय." त्याने पुन्हा मावशीला अंगठा धरायला लावला. हँडल फिरू लागलं. काका तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला वाटतं तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत असावं. "आला!" मावशी ओरडली आणि तिचा अंगठा उडाला. घटकाभरात इंजिन सुरू झालं, आणि मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पेट्रोलच्या धुराचा परिणाम नसावा.

खरी कसोटी पुढेच होती. रंभाजीने फर्मान काढलं, "नव्या रिंगा हायेत. घासून घासून बसाया पायजेत. पयले पाचशे मैल काटा इसाच्या वर न्यायचा न्हाई. दर पाच मैलांला थांबायचं, बानेटवर हात ठिवायचा, हात टिकला तरच म्होरं जायाचं. पळवली तर जाम हुईल आन् मंग माज्याकडं येऊ नका." क्षणभर थांबून तो पुढे म्हणाला, "आन् बाई शेजारी असल्याबिगर गाडी काढायची न्हाई. त्या काटा बघतील."

काकांना ताशी वीस मैल ही शिक्षा काळ्या पाण्याची वाटली असणार. पेट्रोल कुपनावर मिळे ते आठवड्याला दोन-चार फेऱ्यांपुरतं. सावेडी, केडगाव, भिंगार, अशा सगळ्या वाटांवर नगरकरांनी हे दृश्य पाहिलं. काका चक्राला छातीने रेटा देत असल्यासारखे पुढे झुकलेले, मावशी काट्याकडे टक लावून बसलेली आणि मागे मी, पाण्याचा डबा सांभाळत. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. एकदा एका टांगेवाल्याने घोडा आमच्या बरोबरीने चालवत विचारलं, "काका, दोरी देऊ का? वढून नेतो!" काकांचा पाय खाली दबला. "एकवीस," मावशी म्हणाली. पाय वर आला. "वीस," ती म्हणाली. असं ते चालायचं. रात्री झोपेतही तिचे आकडे ऐकू येतात असं काका कुरकुरत. ती झोपेत बोलायची की त्यांना भास व्हायचा, हे काही कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नेवाशाला जायचं ठरलं. पाचशे मैल पुरे झाले नव्हते, पण मावशीने आता आणखी वाट बघायला नकार दिला, आणि तिने नकार दिलेला मी प्रथमच ऐकला. नऊ वाजता आम्ही निघालो. पाच मैलांवर शेंडीच्या अलीकडे थांबलो. इंजिन निवेपर्यंत उभं राहणं काकांना जमेना, म्हणून ते "जरा पुढं होतो" म्हणून चालू लागले. बॉनेट थंड झालं. पण गाडी चालवता येणारा माणूस अर्ध्या मैलावर गेलेला! मी हाका मारत पळत गेलो आणि त्यांना परत आणलं. जेऊरला तेच. इमामपूरचा घाट उतरलो, पांढरीच्या पुलाशी पुन्हा तेच. इंजिन विसावायचं आणि मी दमायचो. घोडेगाव येईतो बारा वाजून गेले.

घोडेगाव सुटलं की रस्ता सरळ आहे. मागून सर्व्हिस मोटार आली, धूळ उडवत आमच्या अंगावरून पुढे गेली आणि ड्रायव्हरने वरून भोंगा वाजवला. काकांचा चेहरा बदलला. पाय दबला.

"बावीस," मावशी म्हणाली. "पंचवीस. अहो! अठ्ठावीस!"

काकांना काही ऐकू येत नव्हतं. इंजिनाचा आवाज चढला, त्यात एक बारीक करकर मिसळली आणि तापलेल्या तेलाचा वास आला. "बत्तीस," ती म्हणाली आणि मग आकडे सांगायची थांबली. तिने काट्यावरची नजर काढून शेतांकडे वळवली.

"मला तुमच्याबरोबर पोचायचंय," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला नुसतं पोचायचं असेल तर मला इथं उतरवा. मी येईन मागून. मला सवय आहे."

मी मागे पाण्याचा डबा घट्ट धरला. मग करकर कमी झाली, झाडं सावकाश मागे जाऊ लागली आणि काकांनी गाडी लिंबाच्या एका झाडाखाली आणून बंद केली. मी पळायच्या तयारीने खाली उतरलो. काका कुठेही गेले नाहीत. गाडीच्या पायरीवर, मावशीच्या पायांशी ते बसले आणि बॉनेटवर हात ठेवून "अजून तापलंय" म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "प्रवरेवर तुम्ही मुली पोहायला जात होता म्हणे?" मावशी सांगू लागली. बॉनेट केव्हाच थंड झालं होतं, पण मी काही बोललो नाही.

नेवाशाला पोचलो तेव्हा दुपार उलटली होती. दोघं गाडीतून उतरून दाराशी आली. मामी बाहेर आली आणि बघतच राहिली. "थांबा वन्सं, आत येऊ नका! तुम्ही दोघं जोडीनं पहिल्यांदाच आलात या दारात. भाकरतुकडा ओवाळून टाकते." ती आत पळाली आणि लगेच परत आली. जेवणं उरकली होती, टोपल्यात तुकडाही उरला नव्हता. "एक भाकरी थापते," ती ओशाळून म्हणाली, "तेवढं थांबाल का?"

हा प्रश्न कुणाला आहे हे सगळ्यांना कळलं. मामा दारात आले होते, तेही काकांकडेच बघू लागले. आत पीठ मळल्याचा आवाज आला, मग थापल्याचा, मग तव्याचा. काका उंबऱ्याबाहेर मावशीच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांचा उजवा पाय दोनदा उचलला गेला आणि दोन्ही वेळा परत जागेवर टेकला. मावशी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सरळ घरात बघत होती, आणि इतकी सुंदर ती मला आधी कधी दिसली नव्हती.

आता दोघंही नाहीत. पाचशे मैल पुरे झाल्यावर काकांनी ती गाडी कशी पिटाळली आणि गाडीनेही त्यांची कशी साथ दिली, हे नगरात अजून सांगतात. तसं उभं राहणं मात्र त्यांना पुन्हा जमलं नाही. मावशीची तक्रार नव्हती. एक भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ आपल्याला पुरला, असं ती म्हणायची. मला तो अजूनही थोडा कमीच वाटतो.