स्टँडखालून ऐकलेला हंगाम

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी टोकियोजवळच्या उरायासुच्या घरी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेनऊ. मुक्ता त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत आहे, कामाच्या दिवशी ती सहसा फोन करत नाही. “नीलामावशी, आई गेली,” एवढं ती मराठीत म्हणाली आणि मग जपानीतच बोलत राहिली. पहाटे गेली, बाबा ठीक आहेत, तिकीट मिळालंय, उद्यापर्यंत नाशिकला पोचेन... मी नुसती “हो, हो” म्हणत होते. फोन ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घातले. माझ्या मैत्रिणीचं, वृंदाचं, दुखणं बरं होण्यातलं नाही हे जूनपासून माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, एखाद्या वर्गाचा निकाल सांगावा तसं.

वृंदा आणि श्रीकांत आमच्या इमारतीत आले ती दोन हजारच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी उरायासुला नाहीतर फुनाबोरीला एखादं नवीन मराठी कुटुंब यायचं. नवऱ्याचा कुठल्यातरी क्लायंटकडे दोन-तीन वर्षांचा प्रोजेक्ट, बायको मागून मुलं आणि कुकर घेऊन येणार. श्रीकांत अशाच एका प्रोजेक्टवर होता. वृंदा नाशिकच्या कॉलेजात अकरा वर्षं संख्याशास्त्र शिकवत होती, ती नोकरी सोडून आली. घर लावून झालं, सात वर्षांची मुक्ता जपानी शाळेत रुळली, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा तेही पाठ झालं. मग एका दुपारी ती वरच्या मजल्यावरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “नीला, मला काम पाहिजे. कसलंही चालेल. मी रोज दुपारी घड्याळाकडे बघत बसते.”

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्हा बायकांना परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता यायचं. पण आमच्यातलं कोणी करत नव्हतं. भाषा येत नाही हे एक कारण, आणि लोक काय म्हणतील हे दुसरं. वृंदाने स्टेशनवर फुकट मिळणारी जाहिरातींची पत्रकं शब्दकोश घेऊन वाचली आणि एका बेसबॉल स्टेडियममधल्या खाण्याच्या काउंटरवर बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, मिळवलं. संघाचं नाव इथे लिहीत नाही. तिला आवडलं नसतं, कारण त्या वर्षी तो फार वाईट खेळला. मार्चअखेरीस हंगाम सुरू झाला आणि वृंदा कामाला लागली.

काउंटर स्टँडच्या खाली होता. समोर येण्याजाण्याची मोकळी जागा, मागे काँक्रीटची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे वरच्या अंगाला मैदान. मैदान दिसायचं नाही. काउंटरप्रमुख होत्या मुराता-सान, साठीच्या आसपासच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. वीस वर्षं त्या त्याच काउंटरवर होत्या. आणि तिथे जे सगळ्यात जास्त खपायचं ते होतं करागे, तळलेलं चिकन. वृंदाच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असायचा. पहिल्या दिवशी तिने हातमोजे घातले, श्वास रोखून पहिला घाणा तळला आणि मग विसरून गेली असं तिने मला सांगितलं. घरी आली की आंघोळ, देवाला नमस्कार, आणि लगेच वही. हे फक्त श्रीकांतला आणि मला माहीत होतं. श्रीकांत तिला एकदाच म्हणाला होता, “नाशिकला कोणाला सांगू नकोस.” त्यावर ती म्हणाली, “विचारलं तर सांगेन.”

वहीचं असं होतं. सामना दिसत नसला तरी ऐकू यायचा. आपल्या संघाची फलंदाजी असली की वर ढोल आणि ट्रम्पेट चालू असायचे. तीन जण बाद झाले की ढोल एकदम थांबायचे. खेळाडूगणिक गाणं वेगळं. चेंडू उंच गेला तर हजारो माणसं एकदम श्वास घेतात तसा आवाज यायचा, आणि झेल घेतला गेला की तो खाली बसायचा. मुराता-सान तळता तळता एकेका आवाजाचा अर्थ सांगायच्या. मे संपेपर्यंत वृंदाला काउंटरवर उभ्या उभ्या धावसंख्या कळू लागली. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. कुठल्या डावात किती माणसं खाली येतात, हरत असलो तर कधी येतात, पावसात काय, मंगळवारी काय, सगळं ती वहीत मांडू लागली. जुलैत तिने मुराता-सानना सांगितलं, आज सहाव्या डावानंतर तळू नका, उरेल. त्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही आणि उरलं. दुसऱ्या दिवसापासून त्या तळायच्या आधी विचारू लागल्या, “वृंदा-सान, किती?”

संघ एप्रिलमध्येच तळाला गेला होता आणि तिथेच राहिला. मे महिन्यात जरा हालचाल झाली, जूनच्या पावसात ती थांबली. पहिल्या बेसवरचा परदेशी खेळाडू जखमी होऊन मायदेशी परतला. एक जुना पिचर होता, खांद्याच्या ऑपरेशननंतर ऑगस्टमध्ये परत आला, दोनदा मार खाल्ला आणि सप्टेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मुराता-सान काउंटरवर लागल्या त्याच सुमारास तो अठरा वर्षांचा पोरगा म्हणून संघात आला होता. त्याची अख्खी कारकीर्द त्यांनी भिंतीआडून ऐकली होती. त्याला चेंडू टाकताना स्टेडियममध्ये त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात तो एका फलंदाजापुरता मैदानात उतरणार होता. इकडे निरोप द्यायची ती रीत आहे. आठव्या डावाच्या आधी घोषणा झाली आणि काउंटरसमोरची गर्दी एकदम वर निघून गेली. मुराता-सान म्हणाल्या, “वृंदा-सान, तू जाऊन बघून ये. मी आहे इथे.”

“तुम्ही जा,” वृंदा म्हणाली.

“प्रमुखाने काउंटर सोडायचा नसतो.”

“आता पाच मिनिटं इथे कोणीही येणार नाही. मी चार महिने मोजलंय. वही दाखवू?”

मुराता-साननी रिकाम्या जागेकडे पाहिलं, तळणीखालचा गॅस बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि दोघी एप्रन घालूनच जिना चढल्या. त्याने चार चेंडू टाकले. चौथ्यावर फलंदाज बाद झाला... मुद्दाम झाला का, हे वृंदाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पिचरने टोपी काढून चारी दिशांना वाकून नमस्कार केला. मुराता-साननीही वाकून केला, एवढ्या गर्दीत तो त्याला दिसणार नव्हता तरी. नंतर वृंदा मला म्हणाली, “मैदान ऐकलं होतं त्यापेक्षा लहान निघालं गं.” खाली आल्या तर काउंटर चालवणाऱ्या कंपनीचा माणूस अर्ध्या शटरसमोर उभा. मुराता-सानना लेखी माफीपत्र द्यावं लागलं. वृंदाने त्याखाली स्वतःचीही सही केली, मराठीत.

आता माझा भाग सांगायला हवा. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक तेव्हा झेरॉक्सवर निघायचा आणि त्याची संपादक मी होते. हंगाम संपल्यावर वृंदाने अंकासाठी नऊ पानं लिहून दिली. संघाच्या हंगामाचा आढावा, महिन्यामागून महिना, जसा तिने ऐकला तसा. त्यात तळणी होती, हातमोजे होते, शटर होतं, माफीपत्रही होतं. वाचताना मला हसू आलं, रडूही आलं. पण हंगामाच्या शेवटी मंडळातलं एक कुटुंब सामन्याला गेलं होतं, त्यांनी वृंदाला काउंटरवर चिकनच्या पुड्या बांधताना पाहिलं होतं आणि मी लेख वाचला त्याच आठवड्यात ते बोलणं फुनाबोरीपर्यंत पोचलं. ‘घरी काही अडचण आहे का?’ असं मलाच दोघींनी विचारलं. मी घाबरले. तिला जपायचं म्हणून मी लेखातून काउंटर काढला, चिकन काढलं, मुराता-सानही काढल्या. नऊ पानांची दोन झाली. मथळा दिला, ‘एका गृहिणीच्या नजरेतून बेसबॉल’. तिला विचारलं नाही. छापून झाल्यावर अंक तिच्या हातात दिला.

तिने माझ्यासमोरच उभ्याने वाचला. घडी करून परत दिला. “नीला, तू मला प्रेक्षक केलंस,” ती म्हणाली. “मी तिथे कामाला होते.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन आठवडे ती जिन्यात भेटली तर फक्त मान हलवायची. मी रात्रंदिवस स्वतःला समजावत होते की मी तिच्या भल्यासाठीच केलं. शेवटी एका सकाळी कळलं की मी माझ्याच भल्यासाठी केलं होतं, मैत्रीण म्हणून माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. मग कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन तिच्या नऊ पानांच्या प्रती काढल्या, तिच्याच अक्षरातल्या, आणि वर गेले. दारातच म्हटलं, “दिवाळीच्या कार्यक्रमात अंकासोबत ही पानं वाटणार आहे. आणि तू वाचणार असशील तर सगळ्यांत आधी तुझं नाव पुकारेन.” तिने पानं चाळली. “सहावं पान तिरकं आलंय,” ती म्हणाली आणि मला आत घेतलं.

फुनाबोरीच्या हॉलमध्ये, फराळाच्या आधी, वृंदाने नऊच्या नऊ पानं वाचली. वर्गात शिकवावं तशी, घाई न करता. श्रीकांत पहिल्या रांगेत बसला होता, मान खाली. तळणीचा भाग आला तेव्हा एक जोडपं उठून बाहेर गेलं. शटरच्या भागाला मात्र कोणी जागचं हललं नाही. वाचून झाल्यावर एका सासूबाईंनी, त्या पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या, सरळ विचारलं, “अहो, पण हात कसा लावलात तुम्ही?”

“हातमोजे घालून,” वृंदा म्हणाली.

आधी श्रीकांत हसला. मग सगळेच हसले, सासूबाईसुद्धा. फराळाच्या वेळी तिघी जणी वृंदाभोवती उभ्या राहून परवानगीचा अर्ज कुठे मिळतो ते विचारत होत्या. त्यातली एक मी. पुढच्या वसंतात मी एका बेकरीत लागले. आज माझं जे काही जपानी आहे ते त्या बेकरीतलं आहे.

वृंदा आणखी चार हंगाम त्या काउंटरवर होती. श्रीकांतचा प्रोजेक्ट संपल्यावर ते नाशिकला परतले, तिला कॉलेजात पुन्हा तासिका मिळाल्या. मुराता-सान निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. नवीन वर्षाची त्यांची कार्डं येत होती, पाच-सहा वर्षांपूर्वी थांबली. मुक्ता शिकायला परत इकडे आली आणि इथेच राहिली. वृंदाला मी शेवटची भेटले ती जानेवारीत. पलंगाशेजारच्या टेबलावर एक फाइल होती. दर वर्षीच्या हंगामाचा आढावा ती लिहीतच होती, नाशिकला बसून, कोणी मागितला नसताना. “छापायचा का?” मी विचारलं. “कोणासाठी?” म्हणाली. “संघ एक वर्ष खेळलाय, कोणीतरी लिहून ठेवावं.”

आईचे दिवस करून मुक्ता इकडे परतली त्याला आता पंधरा दिवस झाले. हंगामाचे थोडेच सामने उरलेत. गेल्या रविवारी तिचा मेल आला, आईचा या वर्षीचा आढावा जुलैपर्यंतच लिहून झालाय, पुढचं मी लिहितेय, मावशी बघशील का? मराठीत लिहायची तिला सवय नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटसुलट, मध्येच जपानी शब्द. मी एक अक्षरही बदललेलं नाही. पहिल्या दोन ओळी अशा आहेत: ‘ऑगष्ट मधे आई गेली. तेंव्हा आपण चौथे होतो, आता तीसरे आहोत.’