उलटा हात

संगमनेरहून कोपरगावला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. बसण्याआधी त्याने समोरच्या लोखंडी दांडीला उलट्या हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने, हळूच स्पर्श केला आणि मगच ती धरली. खिशाला टेस्टर लावलेला होता. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढतोय, म्हणाला; वीज असली तर सरळ हात तारेला आवळून बसतो, उलटा झटक्याने सुटतो. हाताची सवय बसमध्येही सुटत नव्हती.

माझ्या मांडीवर प्रवरेच्या चिखलाने भरलेली बरणी होती.

"लोणचं का मॅडम?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला राहवलं नाही. या चिखलातले जिवाणू प्रथिनांच्या तारा तयार करतात, केसाहून हजारो पटींनी बारीक, आणि त्यांतून वीज वाहते, असं मी सांगून टाकलं.

तो गंभीर झाला. "तारा सोताच बनवत्यात? म्हंजी स्टोअरला माल आला न्हाई म्हणून त्यांचं काम अडत न्हाई." मग बरणीपासून जरा सरकून बसला. "झटका बसतो का?"

"छे, काही होत नाही," मी हसून म्हणाले.

"मॅडम, आजवर ज्यानं ज्यानं मला 'काई हुत न्हाई, चढ' म्हणून सांगितलं, तो खाली उभा हुता."

उतरताना त्याने बरणीच्या झाकणाला उलटा हात लावून पाहिला, मान डोलावली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी वर्गाला सांगितलं, यात अजिबात धोका नाही. आणि बरणीकडे हात नेला, तो उलटा.