डावा गाल

माझ्या आजारातलं ज्यांना ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनीच मला तो सगळ्यात जास्त समजावून सांगितला. अमरावती ते अकोला या पट्ट्यात अशी माणसं भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी माझ्या नात्यात आहेत. आता माझा आवाज निम्माशिम्मा परत आला आहे, पाणी बेतानं का होईना गिळता येतं, म्हणून हे लिहायला बसले आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

सुरुवात उचकीनं झाली. राजापेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेते. फळ्याकडे वळलं की उचकी लागायची, ती पोरं दप्तरं उचलून घरी जाईपर्यंत थांबायची नाही. अकोल्याची माझी नणंद तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होती. "कोणीतरी आठवण काढून राहिलं तुमची, वहिनी," ती म्हणाली. मी म्हटलं, ताई, माझी इतकी आठवण काढणारं माणूस या जन्मात मला तरी भेटलेलं नाही. तिला ते लागलं. तिला सगळंच लागतं, फक्त उपयोगाचं काही कळत नाही.

मग पाणी नाकातून यायला लागलं. घोट घेतला की ठसका, आणि अर्धा घोट नाकावाटे पदरावर. आवाज गेंगाणा झाला. मागच्या बाकावरची पोरं नाकात 'समद्विभुज त्रिकोण' म्हणून एकमेकांना कोपर मारायची, आणि मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं. मान खाली घालून वह्या तपासायला लागलं की आकडे जागच्या जागी थरथरायचे, खोली फिरायची. शिंक आली की मानेच्या वरच्या टोकाला अशी कळ उठायची की भिंत धरावी लागायची.

शहरात डॉक्टरांना तोटा नाही. एकानं ॲसिडिटी म्हणून सांगितलं आणि गोळ्यांची पिशवी दिली. दुसऱ्यानं घसा ताणला आहे, बोलू नका, असा सल्ला दिला. शिकवणी घेणाऱ्या बाईला न बोलण्याचा सल्ला द्यायची फीदेखील त्यानं पुरेपूर घेतली. तिसऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, खर्रा खाता का?" आमच्याकडे कुणाच्याही तोंडाला काहीही झालं की आधी सुपारी-तंबाखूचाच संशय येतो, त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नाही म्हटल्यावर तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिला, ती मी विसरणार नाही. चौथा दातांचा. डावा जबडा जड वाटतो म्हटल्यावर त्यानं चांगली धड दाढ उपटून काढली. सुई टोचलेली मला कळलीच नाही, तर तो आपल्याच हातावर खूश झाला.

खरं काय ते चहाच्या ग्लासानं सांगितलं. हिवाळ्यात चहाचा स्टीलचा ग्लास आधी गालांना लावून शेकायचा, मग प्यायचा, ही मला लहानपणापासूनची खोड. त्या सकाळी उजव्या गालाला लावला तर चटका बसला. डाव्याला लावला तर काहीच नाही. ग्लास लागला आहे हे कळत होतं, पण तो गरम आहे हे कळत नव्हतं. मी आणखी दाबून धरला. लेक स्वयंपाकघरातून आली आणि तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. "आई, गाल भाजला तुझा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला, आणि तोही दुखला नाही.

लेक माझी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, जीवशास्त्र. ती एकटी अशी निघाली जिनं मला सल्ला दिला नाही. गाडी ठरवली आणि नागपूरला नेलं. यजमानही बरोबर आले, कारण न येणं बरं दिसलं नसतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला लावली. मेंदू जिथे मानेत उतरतो तिथे त्याचा देठ असतो, त्या देठात पाण्यानं भरलेली पोकळी झाली आहे, म्हणाले. गिळणं, आवाज, जीभ, चेहऱ्याला गरम-थंड कळणं, तोल, सगळ्या तारा त्या बोटभर जागेतून जातात, आणि पाणी त्यांना दाबतं आहे. खोकला किंवा शिंक आली, जोर लागला, की आणखी दाबतं. नाव सांगितलं सिरिंगोबल्बिया. दुर्मिळ आहे, म्हणाले. मला जीभ बाहेर काढायला लावली; ती एका बाजूनं सुकून वाकडी झाली होती, आणि रोज दात घासताना ते मला दिसलं नव्हतं. ऑपरेशन करून दाब कमी करता येईल. "जेवढं गेलं तेवढं सगळं परत येईलच असं नाही, पण जे आहे ते वाचवायचं तर उशीर करू नका. गिळणं पूर्ण गेलं तर नळीनं भरवावं लागेल."

हे ऐकून माझ्या यजमानांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "डॉक्टरसाहेब, हे पोरायमध्ये उतरते का?"

"सहसा नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या नळीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. लेक फिल्मकडे बघत उभी होती. मला इतका राग आला होता की तिच्याकडे बघायचं मला सुचलं नाही.

यजमानांच्या त्या प्रश्नाला कारण होतं. नणंदेनं लेकीसाठी अकोल्याचं स्थळ आणलं होतं. डाळमिल, स्वतःचं घर, मुलगा पुण्यात नोकरीला. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होते, पोरं फोनवर बोलत होती. ऑपरेशन करायचं तर डोक्याचे केस काढावे लागतील, टाके दिसतील, चार लोक विचारतील. म्हणून दोघा भावंडांनी ठरवलं की लग्न होईपर्यंत थांबायचं. आईच्या मेंदूत बिघाड आहे म्हटल्यावर पोरीला कोण करणार? माझा गळा जाईल की राहील यापेक्षा अकोल्याच्या डाळमिलला काय वाटेल हे मोठं ठरलं. मला त्या दोघांची किळस आली. ते मी बोलूनही दाखवलं, पण माझ्या गेंगाण्या आवाजात किळस नीट उमटत नसे.

थांबायचं ठरल्यावर नणंद पुन्हा मुक्कामाला आली आणि तिनं उपचार हातात घेतले. डोक्यात पाणी झालं एवढं तिला कळलं होतं, आणि पाणी झालं तर ते सुकवायला पाहिजे हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. डोक्यावरून आंघोळ बंद. दही, ताक, भात, केळं बंद. पाणी मोजकं. दुपारी फुटाणे, संध्याकाळी भाजलेली ज्वारी, आणि कपाळाला कौंडण्यपूरहून आणलेला अंगारा. माझ्या भावानं शेंदूरजनाघाटाहून संत्र्यांचं खोकं पाठवलं, ते तिनं शेजारी वाटून टाकलं. "पाणीदार फळ आहे, वहिनी. जहर आहे तुमाले." डॉक्टरांनी मला मऊ, ओलं, एकेक घास, मान खाली घालून खायला सांगितलं होतं. फुटाण्याचं पीठ घशाला चिकटलं की मी मोरीशी जाऊन डोळे पांढरे करायची, आणि बाहेरच्या खोलीत ती यजमानांना सांगायची, "पाह्य, कसं निंघून राहिलं सारं." मी ते पंधरवडाभर चालू दिलं. अंगात भांडायची ताकद नव्हती. मग लेक गुपचूप पेज करून द्यायला लागली.

शेवटी घर पाहायला बोलावणं आलं. आमच्याकडे मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात, आणि जमलं तर तिथेच सुपारी फुटते. बडनेरा सुटल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत नणंद मला पढवत होती. "बोलाचं नाही. हसाचं. काही दिलं तर एक तुकडा तोंडात, बाकीचं रुमालात." मी मान हलवली. मान हलवली तर मला चक्कर येते, हेही तिला माहीत नव्हतं.

घर पाहिलं. फरशी पाहिली, देवघर पाहिलं, लाकडी जिना पाहिला. भावी विहीणबाईंनी आम्हाला फ्रीजही उघडून दाखवला. मुलगा सोफ्यावर बसून फोन बघत होता, मधूनच लेकीकडे बघून हसत होता. वाईट नव्हता. फोनमध्ये डोकं घालून बसणारा कुणीच फारसा वाईट वाटत नाही.

सुपारी फुटली. आता दोन्ही आयांनी एकमेकींचं तोंड गोड करायचं. मी पेढ्याचा कोपरा मोडून त्यांना भरवला. त्यांनी अख्खा पेढा उचलला.

"बस, थोडासा द्या," मी म्हटलं.

"आमच्या घरी नाही म्हणाची पद्धत नाही, इहीनबाई," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्यानं पेढा आत लोटला.

वऱ्हाडातल्या आग्रहाचं लोक फार कौतुक करतात. मला तो कधीच आवडला नाही. समोरच्याला भूक आहे की नाही, गिळता येतं की नाही, हे न बघता त्याच्या तोंडात कोंबायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं. पेढा टाळूला चिकटला, मग डावीकडे सरकला, आणि त्या बाजूची सुकलेली जीभ त्याला परत वळवू शकेना. मी रुमाल शोधत होते. तेवढ्यात विहीणबाईंनी कौतुकानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

पाणी आणि पेढा नाकातून त्यांच्या साडीवर आला. बाकीचा पेढा श्वासात अडकला. खोली फिरायला लागली. माझ्या आजूबाजूला दहाबारा माणसं होती, आणि सगळीच्या सगळी माझ्याकडे बघत होती. नणंद मोठ्यानं म्हणाली, "ॲसिडिटी आहे तिले." मी गुदमरत होते आणि तिला ॲसिडिटी सुचत होती.

लेक धावत आली. तिनं माझी मान पुढे वाकवली आणि पाठीत हातानं थपाथप मारलं. गोळा गालिच्यावर पडला. कुणीतरी पुन्हा पाणी पुढे केलं.

"पाणी नका देऊ तिले," लेक म्हणाली. "ॲसिडिटी नाही आहे. तिले गिळता येत नाही. मेंदूच्या देठात पाणी झालं तिच्या. ऑपरेशन कराचं आहे, आणि माझ्या लग्नासाठी थांबवून ठेवलं आहे."

विहीणबाई पदर पुसत दोन पावलं मागे सरकल्या. मला बरं वाटतं का हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्या लेकीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि माझ्या यजमानांना विचारलं, "पोरीले तर नाही न हे?"

परतताना मूर्तिजापूर आलं. मग यजमान लेकीला म्हणाले, "तिथंच सांगाचं होतं का?"

"मंग कुठं सांगाचं होतं? सरणाजवळ?" लेक म्हणाली.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. पत्रिका जुळून नाही राहिली म्हणतात, म्हणाली. ती आधी जुळली होती. मधल्या काळात ग्रहांनी जागा बदलल्या असाव्यात. नणंदेला फार वाईट वाटलं होतं, डाळमिल गेल्याचं. मी फोन ठेवला आणि मनसोक्त हसले. मग ठसका लागून बराच वेळ भिंत धरून उभी राहिले. पेढ्याला घाबरणारी माणसं, सुटलो त्यांच्यातून, असं मी लेकीला सांगितलं. आजार काय लुगडं आहे का, आईचं लेकीला द्यायला, असंही म्हटलं. आठवडाभर मी त्या विहिणीची नक्कल करत होते: "पोरीले तर नाही न हे?" गेंगाण्या आवाजात ती अधिकच छान व्हायची. लेक हसायची.

आता थांबायला कारण उरलं नव्हतं. यजमानांनी स्वतः नागपूरला फोन करून तारीख घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी भरून मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. लेक ओट्याजवळ माझ्याकडे पाठ करून उभी होती. चहा ग्लासात ओतलेला होता, वाफ निघत होती. तिनं ग्लास उचलून डाव्या गालाला लावला. डोळे मिटले. मग उजव्या गालाला लावला. मग पुन्हा डाव्या, आणि या वेळी तिनं तो तसाच धरून ठेवला.

ही तिची पहिली वेळ नव्हती. तिचे हात सवयीनं चालत होते. नागपूरला फिल्मसमोर ती काय बघत होती ते मला त्या दाराशी कळलं. ज्या प्रश्नाची मी घरभर नक्कल करत फिरत होते, तो प्रश्न माझी लेक रोज सकाळी एकटीच स्वतःला विचारत होती, आणि माझ्या नकलेला हसतही होती. माझ्या तोंडातला सगळा तिरस्कार कुठे गेला कोण जाणे. मी नुसती घाबरले.

"चटका बसला का?" मी विचारलं.

ती दचकली. ग्लास खाली ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"बसला," ती म्हणाली.

"डाव्या बाजूले?"

"हो, आई. लय बसला."

मी जवळ जाऊन तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. डावा गाल लालबुंद झाला होता. मी बोट लावलं तशी ती कळवळून मागे सरकली. इतकं बरं मला त्या अख्ख्या आजारपणात कधी वाटलं नव्हतं.