आबांचा चोरखिसा

रविवारी भरपेट जेवून शिलाई मशीनवर बसू नये, हे मला कळतं. तरी बसलेय. मांडीवर शर्वरीची खेळायची हाफ पँट आहे, तिचं इलास्टिक बदलायचंय. पंखा फिरतोय. शर्वरी, माझी बारा वर्षांची लेक, सरावाला गेलीय. जिल्ह्याच्या खो-खो संघात तिची निवड झालीय आणि परवा संघ चार दिवसांसाठी धाराशिवला निघतोय. आईवडिलांनी सोबत यायचं नाही, आजच्या सरावालाही नाही, असं तिच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. संमतीपत्रावर आज पाचपर्यंत सही हवी. ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. मीच दडवलंय.

डोकं फळीवर टेकतं. डोळे मिटतात. मशीन मात्र चालूच राहतं, आणि पायडलवर माझा पाय नाही.

"रीळ संपत आलंय, कळंना व्हय गं?"

आबा आहेत. माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण गळ्यातली टेप तीच आणि बोटं निळ्या खडूने माखलेली. मी दचकत नाही. उलट वाटतं, आधी चहा टाकावा. पण गॅस सापडत नाही, कारण आता आम्ही त्यांच्या गडहिंग्लजच्या दुकानात आहोत. भिंतीवर कॅलेंडर तेवढं माझ्या घरचं आहे.

"ही कुणाची?" हाफ पँट उचलून ते विचारतात.

"शरूची."

"एवढी झाली?" टेप लावून कंबर मोजतात, पुन्हा मोजतात. "खेळती व्हय?"

"खेळते म्हणजे काय! धडाधड सूर मारते. गुडघे बारा महिने सोललेले."

"तुझ्यावर गेलीया." आबा खूश आहेत. ते खूश असतानाच सांगून टाकावं म्हणून मी घाई करते.

"आबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तिला मधुमेह आहे. लहान मुलांना होतो, तो. तुम्ही गेलात आणि आठ महिन्यांनी कळलं. दिवसातून चारदा इन्सुलिन टोचावं लागतं. आता तिची तीच टोचून घेते."

आबा खाली बसतात. टेपची घडी करतात, उलगडतात, परत करतात. "एवढ्याशा जिवाला," म्हणतात. मग हळूच, "दुखतं का गं तिला?"

"म्हणते, दुखत नाही, कंटाळा येतो."

ते हसतात आणि हसता हसता डोळे पुसतात. मला मात्र रडू फुटतं. पाच वर्षं मी दवाखान्यात, शाळेत, नातेवाइकांत हे सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगत आलेय. आबांनाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

डोळे पुसून खाली बघते तर फरशीच्या जागी मैदानाची माती आहे. पांढऱ्या फक्कीच्या रेघा आखल्यात आणि आबा ओणवे होऊन टेपने खो-खोच्या आडव्या पाट्या मोजतायत. पलीकडे शर्वरी पळतेय. तिचं पाऊल किंचित अडखळतं. बाकी कुणाला कळणार नाही, मला कळतं. साखर उतरतेय. मी पर्स घेऊन धावत सुटते, पण एक पाटी ओलांडली की पुढे आणखी एक उगवते आणि शर्वरी तेवढीच लांब राहते.

आबा शेजारून आरामात चालतायत. "काय घिऊन पळालीस एवढं?"

"ग्लुकोजच्या गोळ्या. पर्समध्ये आहेत."

"त्या लागत्यात कुणाला?"

"तिला."

"मग तुझ्या पर्समधी काय करत्यात?"

मी थांबते. पाच वर्षं प्रत्येक सरावाला मी मैदानाच्या कडेला बसते, पर्स मांडीवर घट्ट धरून. लोक म्हणतात, पोरीसाठी किती करते. मलाही तसंच वाटत आलंय. पोरगी माझ्या पर्सपासून लांब जाऊच शकत नाही, हे कधी डोक्यात आलं नाही.

हिसका बसतो. आम्ही एसटीत आहोत आणि मी सहावीत आहे. पन्हाळ्याची सहल. माझा हात आपोआप गणवेशाच्या कमरेशी जातो. तिथे आतून आबांनी शिवलेला चोरखिसा आहे, वर बटण, आत दम्याच्या दोन गोळ्या. शेजारच्या सीटवर आबा.

"तुम्ही कसे इथे? सहलीला तुम्ही आला नव्हता."

"न्हवतोच आलो. दुकानात हुतो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! त्या दिवशी देसाईबाईंच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड वाया. मग दुसऱ्या कापडाचं त्येंना नवं शिवून दिलं आणि ते बिघडल्यालं तुझ्या आईला."

आईचं ते जांभळं ब्लाउज मला आठवतं. उजव्या खांद्यात कायम ओढायचं. आई म्हणायची, तुझ्या बापाचा हात जन्मात एकदाच चुकला. का चुकला, ते तिने कधी सांगितलं नाही.

"भ्या जायची वाट बघत बसलो असतो," आबा म्हणतात, "तर तू अजून दुकानाच्या पायरीवरच असतीस. शरू डावरी न्हवं?"

"हो."

"मग डाव्या अंगाला घे."

ते खिशातून खडू काढतात. मी म्हणते, आबा, थोडा वेळ बसा ना. कंडक्टर घंटी मारतो.

चार वाजलेत. गालावर फळीची कड उमटलीय. ड्रॉवर अर्धा उघडा आहे. आत संमतीपत्र, त्यावर मी जपून ठेवलेली आबांची खडूची डबी, तिचं झाकण निघालेलं. मांडीवरची हाफ पँट उलटी झालीय आणि कमरेच्या आत, डाव्या बाजूला, निळ्या खडूने बोटभर चौकोन आखलाय. वर बटणाच्या जागी बारीक फुली. माझं बोटही निळं आहे. झोपेत मीच आखला असेल. असू दे.

मी आधी सही करते, नाहीतर पुन्हा धीर सुटेल. मग कापडाचा तुकडा शोधून खिसा शिवते. बटण लावायचं बाकी आहे तोवर शर्वरी घामाघूम होऊन येते, कागदावरची सही बघते आणि किंचाळते. खिशात गोळ्या टाकून, पँट चढवून उडी मारते. सगळ्या गोळ्या फरशीवर.

"आई! खिशाचं तोंड खालच्या बाजूला आहे!"

मी बघते. खरंच खालच्या बाजूला आहे. मला हसू आवरत नाही, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"दे इकडे," मी म्हणते. "देसाईबाईंचं ब्लाउज झालंय."

"कुणाचं?"

"बस इथे. उसवता उसवता सांगते."